स्वारीचा आवाज येतोय का?

दंड दहा रुपये ठेवला होता. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी सगळ्यांनी मिळून ऑनलाइन वाचायची ठरली, तेव्हाच मी ओळखलं की या नावावर कोटी होणार. एकदा नाही, रोज होणार. आणि करणाऱ्या प्रत्येकाला वाटणार की ती आपल्यालाच पहिल्यांदा सुचली. म्हणून गट उघडल्याबरोबर पहिला नियम टाकला: नावावर कोटी करणाऱ्याला दहा रुपये दंड. नियम टाकला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. नऊ चौदाला इंदूरच्या काकांचा निरोप आला, "नियम छान आहे. पण लक्षात कोण घेतो?" त्याखाली सतरा हसरे चेहरे उमटले. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा.

मी बँकेत तेहतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर माणूस एक तर स्वतःच्या गुडघ्यांच्या मागे लागतो, नाहीतर समाजाच्या. माझे गुडघे बरे आहेत. डोंबिवलीत बसल्या बसल्या जगभरच्या मराठी माणसांना एक अभिजात कादंबरी वाचायला लावायची, दर रविवारी रात्री नऊ वाजता पडद्यावर भेटायचं, चर्चा करायची, एवढाच माझा बेत होता. बँकेची सवय म्हणून मी एक वहीही घातली. प्रत्येक सभासदापुढे चार रकाने आखले: 'वाचलं', 'वाचतोय', 'वाचणार' आणि 'कधीतरी वाचलं होतं'. पहिल्या आठवड्यातच चौथा रकाना एवढा फुगला की त्याला पुरवणी पान जोडावं लागलं.

कादंबरी निवडायला मतदान घेतलं होतं. सुरुवातीला 'मृत्युंजय' पुढे होती, कारण ती सगळ्यांची वाचून झालेली. म्हणजे पुन्हा वाचायला नको. 'कोसला'चं नाव निघताच दोन तट पडले. ते १९६३ पासूनच पडलेले असल्यामुळे मी तो विषय तिथंच मिटवला. 'रणांगण' आणि 'बनगरवाडी' यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी त्यांच्या वाङ्मयीन थोरवीबद्दल बरंच सांगितलं, पण शेवटी प्रत्येकाच्या तोंडून एकच गोष्ट निसटली, "आणि छोटी पण आहे." अभिजात साहित्यावरचं आपलं प्रेम पानांच्या व्यस्त प्रमाणात असतं. या हिशेबानं 'पण लक्षात कोण घेतो'चं डिपॉझिटच जप्त व्हायचं, कारण ती चांगली विटेएवढी जाड आहे. ती निवडून आली ती एकाच गुणावर. हरिभाऊ १९१९ साली गेले. त्यामुळे कादंबरीवर आता कोणाचा हक्क नाही आणि जुन्या आवृत्तीची पीडीएफ फुकट मिळते. मी 'फुकट' हा शब्द टाकला आणि एका रात्रीत सभासद अठ्ठावीसचे त्रेसष्ट झाले.

ही पीडीएफ कोणा सत्पुरुषानं स्कॅन केली होती, देव जाणे. पण त्याचा डावा अंगठा आम्ही सगळे आता कुठंही ओळखू. जवळजवळ प्रत्येक चौथ्या पानावर तो होता. नायिका यमूच्या माहेरच्या गोष्टी ऐन रंगात आल्या की शेवटच्या तीन ओळींवर अंगठा. शिवाय मधली दोन पानं गायब. ज्यांच्याकडे नव्या आवृत्तीचं छापील पुस्तक होतं त्यांचे पृष्ठक्रमांक वेगळे, ज्यांच्याकडे वडिलांच्या कपाटातली प्रत होती त्यांचे त्याहून वेगळे. "एकशे बारा पानावर या" असं मी म्हटलं की एक जण लग्नाला पोचायचा, एक जण अजून परकरात असायचा आणि एक जण "एकशे बारावर तर जाहिरात आहे" असं सांगायचा.

त्यातच आमच्यात पुण्याचे मुद्रितशोधक काका होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे ऱ्हस्वदीर्घ सुधारले. अशा माणसाच्या हाती जुन्या वळणाचा मजकूर देऊ नये. पहिल्या सभेतली बावीस मिनिटं त्यांनी फक्त कादंबरीच्या नावावर घेतली. 'लक्षात' की 'लक्षांत'? जुन्या छपाईत 'क्षां'वर अनुस्वार आहे. पुढे १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम आले, १९७२ मध्ये त्यांत आणखी चार मिळवले गेले, आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. हे काका इतक्या हळव्या आवाजात सांगत होते की कोणाला वाटावं, अनुस्वार त्यांच्या नात्यातला होता. मग नावापुढे प्रश्नचिन्ह की उद्गारचिन्ह? प्रश्नचिन्ह असेल तर ती तक्रार होते, उद्गारचिन्ह असेल तर उसासा. हा मुद्दा खरं तर फार चांगला होता. तो ऐकायला तोपर्यंत मी आणि माझी बहीण अशा दोघीच जाग्या होतो, आणि बहीण भाजी निवडत होती.

सभेची रीत सांगायला हवी. फुकटच्या व्हिडिओ-सभेला चाळीस मिनिटांची मर्यादा असते. चाळीस मिनिटं झाली की ती आपोआप बंद पडते. पुढचं बोलायचं असेल तर सगळ्यांनी बाहेर पडून पुन्हा आत यायचं. या चाळीसपैकी पहिली नऊ मिनिटं "आवाज येतोय का?" याला जातात. "तुमचा येतोय, माझा येतोय का?" "तुमचा येतोय, पण तुम्ही दिसत नाही." "दिसतोय, पण उलटे दिसताय." मग इंदूरचे काका. ते प्रत्येक सभेत आवाज बंद ठेवूनच बोलायला सुरुवात करत. हातवारे जोरात, चेहऱ्यावर व्याख्यानमालेचा आवेश, आणि शब्द एक नाही. त्यावर पडद्याच्या सगळ्या चौकटींतून एकाच वेळी गजर व्हायचा, "काका, आवाज येत नाहीये!" एवढं एकमत आमच्यात कादंबरीबद्दल कधीच झालं नाही. शेवटची सहा मिनिटं "आता बंद पडेल हं" या काळजीत जायची. म्हणजे साहित्याच्या वाट्याला पंचवीसच उरली.

सुरुवातीला मला या मर्यादेचा राग यायचा. मग नागपूरच्या सरांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली (हे वाक्य मी जपून लिहिते आहे, दंड मलाही लागू आहे). हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. ही कादंबरी त्या साप्ताहिकातच तुकड्या-तुकड्यानं आली आणि १८९३ मध्ये पुस्तक झाली. म्हणजे पहिल्या वाचकांनाही ती अशीच पुरवून पुरवून मिळत होती. यमू एका दारात उभी आहे आणि आत काय बोलणं चाललंय ते आपल्याला ऐकायचंय, तेवढ्यात अंक संपला! मग आठवडाभर थांबा. आपल्याकडे अख्खी कादंबरी खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि वाट पाहायची सवय तेवढी गेली आहे. सर म्हणाले, "तंत्रज्ञानानं आपल्याला पुन्हा करमणुकीच्या वर्गणीदारांच्या जागी बसवलंय. चाळीस मिनिटं झाली की 'पुढील अंकी'. त्यामुळे खरं म्हणजे..." आणि सभा बंद पडली. खरं म्हणजे काय, ते सरांनाही पुढच्या रविवारी आठवलं नाही.

आता माणसं. बडोद्याच्या काकूंशिवाय हा गट तिसऱ्या आठवड्यातच मोडला असता. वय पंचाहत्तरच्या पुढे, आवाज खणखणीत, आणि बडोद्यात जन्म काढलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात गुजरातीची जी एक गोड लकेर राहते ती पुरेपूर. त्यांनी काय केलं, तर प्रत्येक प्रकरण मोठ्यानं वाचून, ध्वनिमुद्रित करून गटावर टाकायला सुरुवात केली. मध्ये कुकरची शिट्टी, मध्ये "ए, दार लाव रे", पण वाचन असं की वाटावं यमूच स्वयंपाकघरात येऊन बसली आहे. हे त्या मुळात करत होत्या त्यांच्या न्यू जर्सीच्या सूनबाईसाठी. सूनबाई तिकडेच वाढलेली. तिचं मराठी अमेरिकेतल्या रविवारच्या मराठी शाळेतलं, बोलायला स्वच्छ, वाचायला हळू. ती ऑफिसला जाताना गाडीत सासूबाईंचा आवाज ऐकायची. सासू-सून एकाच गटात आणि कादंबरी सासुरवासाची! या योगाबद्दल बाकीच्यांना केवढी उत्सुकता होती. उपस्थिती टिकून राहण्यात या उत्सुकतेचा वाटा हरिभाऊंपेक्षा कमी नव्हता.

यमूचं लग्न होऊन नवरा कथेत नीट आला त्या आठवड्यातली गोष्ट. सूनबाईला मी विचारलं, "तुला काय वाटलं?" ती म्हणाली, "मला हा हजबंड खूप आवडला. किती सॉरी म्हणतो!"

कोणीच काही बोललं नाही.

"म्हणजे बघा ना, त्या काळात. सॉरी घरात आली. सॉरी जेवायला बसली. सॉरी माझ्याकडे पाहून हसली. आमच्याकडे तर वर्षातून एकदा पण..." एवढं बोलून ती थांबली, कारण 'आमच्याकडे' म्हणजे ज्याच्याबद्दल, त्याची आई शेजारच्याच चौकटीत होती.

मग ठाण्याच्या डॉक्टरांनी खुलासा केला. त्या काळची बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. त्याला 'स्वारी' म्हणायची. 'स्वारी बाहेरून आली.' सर्वनामसुद्धा नाही. 'इकडून सांगणं झालं', 'इकडची मर्जी'. रघुनाथराव हे नाव यमूच्या तोंडी येणं अवघड, म्हणून भाषेनं तिला हा वळसा दिला. सूनबाईनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग तो सॉरी केव्हा म्हणतो?" पुन्हा कोणी बोललं नाही. मग बडोद्याच्या काकू म्हणाल्या, "तुझंच ऐकणं बरोबर आहे गं. तसंच चालू दे."

त्या दिवसापासून मीही आमच्या ह्यांना स्वारी म्हणायला लागले. आमची स्वारी निवृत्त अभियंता. सोसायटीचं परिपत्रक आणि क्रिकेटचा धावफलक, याहून मोठा मजकूर वाचला तर डोळे दुखतात अशी त्यांची श्रद्धा आहे. आमच्या वाचनाबद्दलचं त्यांचं मत एका वाक्यात होतं: "पुस्तक वाचायला मीटिंग कशाला लागते?" घरातली कामं आम्ही वाटून घेतली आहेत, म्हणजे मी करते आणि एक त्यांच्याकडे आहे: रात्री साडेनऊच्या सुमारास विरजणाचं दूध तापवायचं. दर रविवारी माझी सभा ऐन भरात आली की मागून पातेल्याचा आवाज यायचा. सभासद विचारायचे, "कोणाकडून आवाज येतोय?" मी म्हणायचे, "स्वारी आहे." सूनबाई म्हणायची, "इट्स ओके."

चौथ्या-पाचव्या आठवड्यात आम्हाला इतिहास बाधला. कादंबरी चालू असतानाच, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय दहाचं बारा करायचं, यावर केवढं रण माजलं. टिळक विरोधात, आगरकर बाजूनं. आमच्यात नागपूरचे सर टिळकांच्या बाजूनं उभे राहिले. म्हणजे सुधारणेला विरोध नव्हता, परक्या सरकारनं कायद्यानं ती करण्याला होता, हे ते समजावून सांगू लागले. डॉक्टर आगरकरांचे. बघता बघता दोघं एकमेकांना १८९१ च्या भाषेत बोलू लागले. मंगळवारी रात्री बारा वाजता सरांचा दोन हजार शब्दांचा निरोप. बुधवारी पहाटे पाचला डॉक्टरांचं उत्तर, मुद्देसूद, अ, ब, क, ड. यमू बिचारी तशीच सासरी ताटकळत राहिली. शुक्रवारी डॉक्टर गट सोडून गेले. मी त्यांना परत घेतलं. ते म्हणाले, चुकून बोट लागलं. शनिवारी पुन्हा बोट लागलं. शेवटी मी नियम केला की टिळक-आगरकर वाद फक्त बुधवारी घालावा, बाकीचे दिवस कादंबरीचे. आश्चर्य म्हणजे तो पाळला गेला. मात्र बुधवारी गटाकडे डोकावणं मी बंद केलं.

आणि मग आले शंकरमामंजी.

ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी: हे यमूच्या सासरचे. धर्माचं नाव घेऊन कारस्थानं करणारे, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारे, तोंडानं गोड आणि आतून खुनशी. मराठी कादंबरीत असा चीड आणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. मी त्या रविवारी चर्चेसाठी तयारी करून बसले होते. खलपुरुष रंगवताना लेखकानं भडक रंग वापरला आहे का? निवेदन मुलीच्या तोंडी असल्यामुळे खलपुरुषाचं मन आपल्याला दिसत नाही, ही मर्यादा की ताकद? दोन पानांची टिपणं काढली होती.

टिपणांची घडी उघडायच्या आत माझी बहीण म्हणाली, "अगदी आपले नाशिकचे काका!"

झालं. नाशिकच्या काकांनी आजोबांच्या आजारपणात कागदांवर सह्या कशा घेतल्या, ही गोष्ट आमच्या घरात पस्तीस वर्षं दाराआड बोलली जाते. ती त्या रात्री तीन देश आणि सहा गावं यांनी ऐकली. मी कपाळाला हात लावला, पण तो कोणाच्या नजरेस पडायच्या आत नागपूरच्या सरांनी त्यांच्या थोरल्या मेहुण्याचं नाव काढलं. मग मुद्रितशोधक काकांचा वाड्याचा मालक. मग डॉक्टरांचे आजेसासरे. प्रत्येकाच्या घरात एक शंकरमामंजी होताच. कोणाकडे तो सोवळं नेसायचा, कोणाकडे सफारी घालायचा, एकाकडे तर ती बाई होती. त्या आठवड्यात गटाचे सभासद वाढले. लोक आपापल्या चुलत भावंडांना आणून सोडत होते, "हिला आमच्या आप्पांची गोष्ट जास्त चांगली सांगता येते." कादंबरीचं एकही पान न वाचलेली माणसं कळकळीनं बोलत होती, आणि खरं सांगू का, मुद्द्याला धरून बोलत होती.

या सगळ्यात घाटकोपरच्या वहिनी तेवढ्या अस्वस्थ होत्या. त्यांनी मूळ कादंबरी नव्हे, एम. ए.च्या गाइडमधला सारांश वाचला होता आणि गाइडमध्ये नाशिकचे काका नव्हते. "या कादंबरीची पाच वैशिष्ट्ये आहेत," असं म्हणून त्या सांगायला लागल्या. पहिलं वैशिष्ट्य, स्त्रीजीवनाचं वास्तव चित्रण. दुसऱ्याला इंदूरचे काका मध्ये शिरले. आवाज बंद होता, पण हातवाऱ्यांवरून स्पष्ट कळत होतं की त्यांच्याकडचा शंकरमामंजी पोटाशी धरून काहीतरी पळवून नेत आहे. वहिनींची उरलेली चार वैशिष्ट्यं अजून माझ्याकडे बाकी आहेत.

मला आधी वाईट वाटलं. आपण वाङ्मयीन चर्चा योजली आणि हिचा झाला पाणवठा. मग वाटलं, हरिभाऊंनी साप्ताहिकाचं नाव 'करमणूक' ठेवलं होतं. सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' असं म्हटलं होतं. त्यांनी 'वाङ्मयीन मूल्यमापनाची साधने' वगैरे काही ठेवलं नव्हतं. हरिभाऊंची काशीबाई कानिटकरांशी मोठी साहित्यिक मैत्री होती, आणि लेखनाबद्दल दोघांचा पत्रव्यवहार चाले. ते मात्र खरं वाचनमंडळ. सभासद दोन, दोघंही लिहिणारे, आणि कोणालाही "आवाज येतोय का" विचारावं लागत नव्हतं. माझं तर आता ठाम मत आहे की वाचनमंडळात दोनपेक्षा जास्त माणसं असली की त्याची भिशी होते.

नोव्हेंबरचा पहिला रविवार न्यू जर्सीनं गाजवला. तिकडे त्या दिवशी घड्याळं एक तास मागे करतात. इतके दिवस आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिथले सकाळचे साडेअकरा होते; त्या रविवारी एकदम साडेदहा झाले. सूनबाई आपल्या साडेअकराला आली, तेव्हा आमचे दहा वाजले होते, सभा एकदा बंद पडून दुसऱ्यांदा उघडली होती आणि यमू नवऱ्याबरोबर मुंबईला जाऊन सुखात नांदायलाही लागली होती. कादंबरीतला तोच काय तो मोकळ्या हवेचा भाग: नवरा तिला शिकवतो, दोघं बरोबर फिरायला जातात, घरात हसणं-बोलणं आहे. सूनबाई हळहळली, "सगळा हॅपी पार्टच मिस झाला." बडोद्याच्या काकू म्हणाल्या, "होतं गं तसं. आमचाही एका तासाच्या फरकानंच गेला." यावर कोणाला काय बोलावं कळेना, म्हणून मुद्रितशोधक काकांनी 'घड्याळं' की 'घड्याळे' हा विषय काढला. त्या रात्री प्रथमच मला त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटली.

डिसेंबर लागला तसे सभासद गळत गेले. गट कोणीच सोडला नाही. सोडणं उद्धटपणाचं दिसतं. वाचायचं मात्र थांबवलं. 'सुप्रभात' आणि दवबिंदू पडलेला गुलाब रोज सकाळी येत होता. वहीत आता पाचवा रकाना होता: 'मागे पडलेय, पण येतेय'. कोणाकडे लग्न, कोणाकडे मोतीबिंदू, कोणाच्या मुलीची परीक्षा. एकानं प्रामाणिकपणे लिहिलं, "पुढे वाईट होणार आहे हे माहीत असल्यामुळे पान उलटवत नाही." मी रागावू शकले नाही. शिवाय अर्धवट सोडण्याची सवय खुद्द हरिभाऊंनाही होती. त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. दंडाची थकबाकी तेराशे चाळीस रुपयांवर गेली होती. वसुलीची आठवण करून दिली की ज्या उत्तराची भीती तेच उत्तर यायचं आणि थकबाकी तेराशे पन्नास व्हायची. बँकेच्या हिशेबानं हे खातं केव्हाच बुडीत.

एका संध्याकाळी जेवताना स्वारीनं आमटी वाढून घेतली आणि सहज विचारलं, "त्या दुर्गीचं काय झालं मग? नवरा सुधारला का?"

मी पाहतच राहिले. दुर्गी ही यमूची मैत्रीण. तिचा नवरा धड निघाला नाही. पण हे स्वारीला कसं कळलं? "तुम्ही वाचताय?"

"छे. आवाज येतो ना आत," स्वारी म्हणाली. "जरा मीठ दे."

शेवटच्या भागाला आम्ही अकरा जण होतो. काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. नागपूरच्या सरांनी पहिल्याच सभेत सांगून टाकलं होतं आणि त्याबद्दल वहिनींनी त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला होता. रघुनाथराव गेले आहेत. यमूला आता मुंबईचं घर नाही, फिरायला जाणं नाही, पुस्तक नाही. आणि शंकरमामंजी केशवपनाच्या तयारीला लागले आहेत. डॉक्टरांनी सुरुवातीला दोन मिनिटं घेतली. 'करमणूक' निघालं त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी एकत्र जमले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं, हे त्यांनी सांगितलं. नागपूरचे सर एरवी काहीतरी म्हणाले असते. ते नुसते "हो" म्हणाले.

मग बडोद्याच्या काकू वाचायला लागल्या. या वेळी ध्वनिमुद्रण नाही, समोर बसून. कुकर नाही, "दार लाव रे" नाही. पुस्तक त्यांनी चेहऱ्यासमोर धरलं होतं, त्यामुळे चौकटीत नुसतं पुस्तकाचं मळकं वेष्टन दिसत होतं आणि त्यामागून आवाज येत होता. त्या मुळीच रंगवून वाचत नव्हत्या. यमूला धरून ठेवतात तिथं त्या आल्या, आणि चाळीस मिनिटं पूर्ण झाली. पडदा काळा.

एरवी सभा अशी तुटली की निम्मे लोक परत येत नाहीत. जेवायचं असतं, मालिका असते, निमित्त मिळालेलं असतं. मी पुन्हा दुवा उघडून बसले. एक चौकट उघडली. दोन. पाच. नऊ. शेवटी न्यू जर्सी. अकराच्या अकरा. "आवाज येतोय का?" कोणीही विचारलं नाही. काकूंनी जिथं तुटलं होतं त्याच्या दोन वाक्यं आधीपासून पुन्हा वाचायला घेतलं.

वाचून संपलं तेव्हा इंदूरचे काका बोलायला लागले. नेहमीसारखा आवाज बंद. आज हातवारे नव्हते, फक्त ओठ हलत होते. दीड-दोन मिनिटं ते बोलले. मधे एकदा चष्मा काढला, पुन्हा लावला. काका, आवाज येत नाहीये, हे दहा जणांपैकी कोणीही म्हटलं नाही. बोलून झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि आम्हीही जोडले. मुद्रितशोधक काकांनी तर मान हलवून दुजोराही दिला, कशाला ते त्यांनाच माहीत. मग सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही पाणी प्या आधी."

मी 'बाहेर पडा'चं बटण दाबलं आणि उठले. घरात जळकट वास सुटला होता. स्वयंपाकघराच्या दारातच स्वारी उभी होती, पाठ ओट्याकडे, तोंड माझ्या खोलीकडे, हातात सांडशी. मागे दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं, शेगडीची ज्योत केव्हाच विझली होती. मी गॅसचा कॉक बंद केला, खिडकी उघडली, पातेल्यात पाहिलं. विरजणापुरतंसुद्धा उरलं नव्हतं.

"सॉरी," स्वारी म्हणाली.